कोलेस्टेरॉल उतरवतो तो चोथा कोणता?

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. चहा होईपर्यंतही त्यांना दम नव्हता.

"अगं, हे बघ. सहा महिने झाले, पीठ चाळणं बंद केलंय. कोंड्यासकट पोळी, रात्री ज्वारीची भाकरी, जेवणाआधी काकडी-गाजर. डॉक्टर म्हणाले चोथा वाढवा, मी वाढवला. पोट रोज साफ होतं, खोटं कशाला बोलू? पण हे एलडीएल जागचं हललेलं नाही."

रिपोर्टवर एकूण कोलेस्टेरॉल २२८, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी १६०, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल ४२ आणि एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल १५४ (सगळे आकडे दर १०० मिलिलिटरला मिलिग्रॅममध्ये). सहा महिन्यांपूर्वीचा कागदही त्यांनी सोबत आणला होता. आकडे जवळपास तेच.

काकूंचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते मनापासून केलं होतं. गोची आहे ती ‘चोथा’ या आपल्या शब्दात. ऊस चावून रस गिळला की तोंडात जे उरतं आणि आपण थुंकतो, तो चोथा. नारळाचं दूध पिळून घेतल्यावर फडक्यात राहतो, तो चोथा. म्हणजे कोरडं, खरखरीत, रस निघून गेलेलं असं काहीतरी. त्यामुळे ‘चोथायुक्त आहार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोंडा, पालेभाजीचे देठ आणि काकडीची साल येते. पोटासाठी हे सगळं उत्तमच. पण कोलेस्टेरॉल उतरवण्याचं काम जो तंतू (म्हणजे फायबर) करतो, त्याचं रूप याच्या अगदी उलट आहे. तो बुळबुळीत असतो. भेंडी चिरताना विळीला लागणारी तार, भिजवलेल्या मेथीदाण्याभोवतीचा गुळगुळीत थर, पाण्यात फुगलेलं इसबगोल, ओट्सच्या लापशीचा चिकटपणा, हा तो तंतू.

खात्री करून घ्यायची तर घरीच करता येते. दोन पेले पाणी घ्या. एकात चमचाभर गव्हाचा कोंडा टाका, दुसऱ्यात चमचाभर इसबगोल. ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. कोंडा भिजून तळाशी बसतो, वरचं पाणी पाण्यासारखंच राहतं. इसबगोलाच्या पेल्यात मात्र पाणी उरतच नाही. सगळं मिळून एक थुलथुलीत गोळा होतो, पेला तिरपा केला तरी पटकन सांडत नाही. काकूंसमोर मी हेच केलं. त्या पेल्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे असं पोटात होतं?" हो, लहान आतड्यात जवळपास असंच होतं, आणि कोलेस्टेरॉलची सगळी गोष्ट तिथेच घडते.

आधी तंतू म्हणजे काय ते थोडक्यात. वनस्पतीतली जी कर्बोदकं आपल्या पचनरसांना तोडता येत नाहीत, ती म्हणजे तंतू. भातातला स्टार्च आणि कापसातला सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. फरक फक्त कड्या कशा जोडल्यात त्याचा. स्टार्चची जोडणी आपल्याला सोडवता येते, सेल्युलोजची येत नाही. म्हणून भात पचतो आणि कोंडा तसाच पुढे जातो. या न पचणाऱ्या पदार्थांत दोन मोठे गट पडतात. एक पाण्यात न विरघळणारा: सेल्युलोज वगैरे. दुसरा पाण्यात विरघळणारा: पेक्टिन, ओट्स आणि जवातलं बीटा-ग्लुकॅन, मेथी-गवारीच्या बियांतला डिंकासारखा पदार्थ, इसबगोलाचा म्युसिलेज. दुसऱ्या गटातलेही सगळे सारखे नसतात. काही विरघळतात पण पाणी घट्ट करत नाहीत. कोलेस्टेरॉलवर चालतात ते पाण्याला घट्ट, चिकट करणारे.

तंतूला जगभर नाव मिळवून दिलं ते डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदानं. तो युगांडात अनेक वर्षं होता. तिथल्या लोकांचा भरड आहार, त्यांचं भरपूर आणि सहज होणारं शौच आणि पाश्चात्त्य देशांत घरोघर असलेले आजार तिथे क्वचितच दिसणं, यांची सांगड त्यानं १९७०च्या दशकात घातली. त्याचा भर आतड्यांवर होता, म्हणून जगाच्या डोक्यातही फायबर म्हणजे पोट साफ करणारा कोंडा हेच चित्र बसलं. आपल्याकडे त्यात ‘चोथा’ या शब्दाची भर पडली.

आता मुख्य कामाकडे. त्यासाठी पित्त समजून घ्यावं लागेल, आणि इथेही भाषा जरा आडवी येते. ‘मला पित्त झालंय’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाची तक्रार असते. इथलं पित्त वेगळं. यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा कडू रस म्हणजे हे पित्त. आपण काही स्निग्ध खाल्लं की पित्ताशय आवळतं आणि हा रस लहान आतड्यात उतरतो. त्यातली पित्ताम्लं साबणाचं काम करतात. तेलकट कढईवर नुसतं पाणी ओतलं तर तेल हलत नाही, साबण लावला की त्याचे बारीक थेंब होऊन निघून येतात. तसंच पित्ताम्लं तेल-तुपाचे बारीक थेंब करतात आणि मग ते पचतात.

ही पित्ताम्लं यकृत कशापासून बनवतं? कोलेस्टेरॉलपासून. कोलेस्टेरॉलला आपण नुसता शत्रू समजतो, पण प्रत्येक पेशीच्या आवरणात ते लागतं, काही हार्मोन्स त्यापासून होतात, ड जीवनसत्त्व त्याच्याच एका भावंडापासून बनतं. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, ताटातून येणारा वाटा लहान असतो. आणि तोही फक्त प्राणिज पदार्थांतून. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल अशा कुठल्याच वनस्पती तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं, त्यामुळे तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असं ठळक छापलेलं दिसलं म्हणून त्या तेलाला जास्त पैसे मोजू नयेत.

पित्ताम्लं बनवायला यकृताला खर्च पडतो, म्हणून शरीर ती जपून वापरतं. चरबी पचवून झाली की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातली सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जातात, रक्तातून यकृतात परत जातात आणि पुढच्या जेवणाला पुन्हा उतरतात. शरीरात एकूण पित्ताम्लं असतात साधारण तीन ग्रॅम, पण तीच दिवसातून सहा ते दहा फेऱ्या मारतात. शौचावाटे रोज वाया जातं ते जेमतेम अर्धा ग्रॅम.

विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. चाकावर गाडग्यांची माळ. गाडगी रिकामी खाली जातात, भरून वर येतात, रिकामी होऊन पुन्हा खाली. गाडगी तीच, फेऱ्या अनेक. एखाद-दुसरं गाडगं फुटतं तेवढंच कुंभाराला नवं घडवावं लागतं. आपलं यकृत हा तो कुंभार, पित्ताम्लं ही गाडगी आणि कोलेस्टेरॉल ही माती.

आता जेवणात बुळबुळीत तंतू आला, तर लहान आतड्यात त्याचा तो पेल्यातल्यासारखा गोळा होतो. पित्ताम्लं त्यात अडकतात. आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचू शकत नाहीत, शोषली जात नाहीत, तशीच मोठ्या आतड्याकडे ढकलली जातात. रहाटाची जास्त गाडगी विहिरीतच राहू लागली. कुंभाराकडे मागणी आली, नवी घडव. त्याला माती हवी. मग यकृत आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे जास्त हात उगवतं आणि रक्तातून जाणारे एलडीएलचे कण ओढून घेतं. शास्त्रज्ञ या हातांना एलडीएल ग्राहक (रिसेप्टर) म्हणतात. ते शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांना १९८५चं नोबेल मिळालं. रक्तातलं एलडीएल उतरतं ते या ओढण्यामुळे.

म्हणजे तंतू रक्तात जाऊन काहीही ‘धुऊन’ काढत नाही. ‘फायबर नसा साफ करतं’ असं सर्रास बोललं जातं, ते खरं नाही. तंतू आतड्याबाहेर पाऊलच टाकत नाही. तो फक्त पित्ताम्लं अडवतो, पुढचं सगळं यकृत करतं.

याच रहाटात तंतूची मर्यादाही दिसते. कुंभाराकडे मातीचे दोन साठे आहेत: एक रक्तातलं एलडीएल, दुसरा त्याच्या स्वतःच्या अंगणातली खाण. मागणी वाढली की यकृत रक्तातून कोलेस्टेरॉल ओढतं आणि त्याच वेळी स्वतःही जास्त तयार करू लागतं. म्हणून तंतूचा परिणाम एका मर्यादेपुढे जात नाही. कोलेस्टेरॉल उतरवायला डॉक्टर देतात त्या स्टॅटिनच्या गोळ्या नेमकी ही खाण बंद करतात. त्यामुळे गोळी आणि तंतू एकमेकांना पूरक ठरतात: एकानं खाण बंद केली, दुसऱ्यानं मागणी वाढवली, आता माती फक्त रक्तातूनच घ्यायची.

हे नुसतं तर्कानं ठरवलेलं नाही. कोलेस्टायरामीन नावाचं जुनं औषध आहे. तेही आतड्यात पित्ताम्लं बांधून ठेवतं, रक्तात शोषलं जात नाही. अमेरिकेत १९८४ साली जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधानं कोलेस्टेरॉल उतरलं आणि हृदयविकाराचं प्रमाणही कमी झालं. पित्ताम्लांची फेरी मोडली की हृदयाचा फायदा होतो हे त्यातून दिसलं.

तंतूवरचं काम त्याच्याही आधीचं. १९६१ साली अमेरिकेत अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी पेक्टिन देऊन पुरुषांचं कोलेस्टेरॉल उतरलेलं दाखवलं. १९६३ साली नेदरलँड्समध्ये ओट्स घातलेला पाव खायला देऊन तेच दिसलं. आणि १९६८ साली आग्र्याच्या डॉ. माथुर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांनी भरपूर लोणी असलेल्या आहारात नेहमीच्या धान्याऐवजी चणे दिले आणि कित्येक आठवडे लक्ष ठेवलं. लोणी तेवढंच असून कोलेस्टेरॉल उतरलं, आणि शौचातून जाणारी पित्ताम्लं वाढली. आपल्या साध्या हरभऱ्यावरचा हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे तो किती कमी लोकांना ठाऊक आहे याची हळहळही वाटते. अर्थात हरभऱ्यात प्रथिनं आणि इतरही घटक असतात, तेव्हा सगळं श्रेय एकट्या तंतूला देता येणार नाही.

बुळबुळीतपणाच महत्त्वाचा आहे हे सर्वांत स्वच्छ दाखवलं ते स्वीडनमधल्या १९९५च्या एका प्रयोगानं. ज्यांचं लहान आतडं शस्त्रक्रियेनं थेट पोटावरच्या पिशवीत उघडलेलं आहे अशा माणसांनी त्यात भाग घेतला, म्हणजे लहान आतड्यातून काय बाहेर पडतं ते नेमकं मोजता आलं. त्यांना ओट्सच्या कोंड्याचा पाव दिला. दुसऱ्या वेळी तोच पाव, पण त्यातलं बीटा-ग्लुकॅन आधी एन्झाइमनं तोडून पातळ करून टाकलेलं. पहिल्या पावाबरोबर बाहेर पडणारी पित्ताम्लं दुसऱ्यापेक्षा निम्म्याहून अधिकनं जास्त होती. कोंडा तोच, फक्त चिकटपणा गेला आणि काम थांबलं.

काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा पुढचा प्रश्न सरळ होता. "पण उतरतं किती?"

१९९९ साली अशा ६७ चाचण्यांचे आकडे एकत्र करून हिशेब झाला. विरघळणारा तंतू रोज एक ग्रॅम वाढवला की एलडीएल साधारण दोन मिलिग्रॅमनं उतरतं. ओट्स, इसबगोल, पेक्टिन, गवारीचा डिंक या सगळ्यांचा परिणाम जवळपास सारखाच आला, आणि हा हिशेब रोजच्या दहा ग्रॅमपर्यंतच लावायचा. काकूंनी असा तंतू रोज सात ग्रॅम वाढवला तर एलडीएल १५४वरून १४०च्या आसपास येईल. साधारण दहा टक्के, तेही चांगलं जमलं तर.

कुणाला हे कमी वाटेल. मला तसं वाटत नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी सहा टक्क्यांच्या आसपासच उतरतं, हा डॉक्टरांचा नेहमीचा ठोकताळा आहे. म्हणजे गोळी घेणाऱ्या माणसानं इसबगोल नीट घेतलं तर डोस वाढवण्याइतका फायदा स्वयंपाकघरातून मिळू शकतो. पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनंही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. मूळ गोळीच ३० ते ५० टक्के एलडीएल उतरवते. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, ज्यांच्या घराण्यात लहान वयापासून एलडीएल १९०च्या वर असतं, त्यांनी मेथीदाण्याच्या भरवशावर गोळी बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. असे निर्णय मी जवळच्या माणसांत पाहिलेत, म्हणून कळकळीनं सांगते, गोळीचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

रिपोर्टवरच्या बाकीच्या ओळींचं काय? एलडीएल बऱ्याच प्रयोगशाळा थेट मोजत नाहीत, हिशेबानं काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करायचा. काकूंचं करून बघा: २२८ वजा ४२ वजा ३२ म्हणजे १५४. ट्रायग्लिसराइड्स ४००च्या वर असले तर हा हिशेब चुकतो, तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं.

वर सांगितलेल्या चाचण्यांत विरघळणाऱ्या तंतूनं एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्समध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. आपल्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या लोकांचं रक्त तपासलं होतं. २०१४ साली त्याचे आकडे आले. एचडीएल कमी असलेले ७२ टक्के, ट्रायग्लिसराइड्स जास्त असलेले २९ टक्के आणि एलडीएल जास्त असलेले सुमारे १२ टक्के. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांची अडचण इसबगोलाच्या टप्प्यातलीच नाही. ट्रायग्लिसराइड्स वाढतात ते मुख्यतः साखर, मैदा, भाताचा डोंगर, दारू आणि पोटावरच्या चरबीमुळे. तिथे चालणं, वजन आणि चहातली साखर यांचाच उपाय आहे. तंतू मदत करतो तो आडवाटेनं: उसळीनं पोट भरलं की दुसऱ्यांदा भात घ्यावासा वाटत नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. काकूंची भाकरी का कमी पडली ते आधी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये तंतू दहा ग्रॅमच्या आसपास दिलाय, गव्हाच्या पिठात अकरा. पॉलिश केलेल्या तांदळात तीनही नाही. म्हणजे भाकरी-पोळी भरपूर तंतू देते. पण त्यातला विरघळणारा भाग दोन ग्रॅमच्याही आत, बाकी सगळा खरखरीत. तो पोट साफ करतो, साखर हळू चढवतो. २०१९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात रोज २५ ते २९ ग्रॅम तंतू खाणाऱ्यांमध्ये अगदी कमी खाणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं आणि हृदयविकाराचं प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी दिसलं. तेव्हा चाळणी पुन्हा काढायची नाही. फक्त एलडीएलचं काम भाकरी-पोळीवर सोपवायचं नाही.

मेथीदाण्यांबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात. दाण्याच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग तंतू असतो आणि त्यात तो बुळबुळीत पदार्थ भरपूर. राष्ट्रीय पोषण संस्थेतच मेथीवर अभ्यास झाले आणि कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं. पण १९९०च्या अभ्यासात दिलेली मात्रा होती रोज १०० ग्रॅम, तेल काढलेली मेथीपूड. आपण रात्री चमचाभर दाणे भिजवतो आणि सकाळी पाणी पिऊन दाणे टाकून देतो. ज्यात काम होतं तेच टाकलं जातं! दाणे चावून खा, किंवा मोड आणून उसळीत घाला. तरीही एका चमच्यात तंतू दोनच ग्रॅम, त्यातला विरघळणारा त्याहून कमी, हे मनात ठेवा.

खरी भिस्त कडधान्यांवर ठेवावी. मटकी, मूग, चवळी, राजमा, हरभरा, मसूर. वाटीभर घट्ट उसळीतून दीड-दोन ग्रॅम विरघळणारा तंतू येतो, आणि रोज एक वाटी उसळ हे आपल्याकडे कुणालाही जड नाही. उसळ पातळ करून रस्सा जास्त आणि दाणे कमी अशी वाढली तर मात्र हिशेब बिघडतो.

जव आणि जवस यांची गल्लत नेहमी होते. जव म्हणजे बार्ली, धान्य. जवस म्हणजे अळशी, तेलबी. दोन्ही कामाचे. जवात ओट्ससारखंच बीटा-ग्लुकॅन असतं. पूर्वी सातूच्या पिठात ते घरोघर खाल्लं जायचं. आज ओट्सला जेवढा मान मिळतो तेवढा जवाला मिळत नाही, हे मला पटत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ साली ओट्सवर ‘हृदयविकाराचा धोका कमी करू शकतं’ असं छापायला परवानगी दिली ती रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकॅनच्या हिशेबानं, आणि पुढे जवालाही तीच मुभा मिळाली. तीन ग्रॅमसाठी कोरडे ओट्स ७५ ग्रॅमच्या आसपास लागतात, म्हणजे मसाला ओट्सच्या एका छोट्या पाकिटात निम्म्याच्या आसपास काम होतं. जवसाची चटणी दाणे कुटून करतो तीच रीत योग्य, कारण अख्खा दाणा बऱ्याचदा न फुटता तसाच बाहेर पडतो.

फळांतलं पेक्टिन ओळखायला एक सोपी खूण आहे. ज्या फळाची जेली वरून पेक्टिन न घालता जमते, त्यात पेक्टिन भरपूर. कवठ घ्या, पेरू घ्या. पेरू तर १०० ग्रॅमला आठ ग्रॅमच्या वर एकूण तंतू देतो. संत्र्याची फोड खाताना सालीच्या आतला पांढरा थर सगळा सोलून काढू नका, पेक्टिन त्यातच असतं. गाळलेल्या रसात त्यातलं फारसं काही उरत नाही.

उपासाच्या साबुदाण्यात मात्र तंतू नावालाही नाही, तो जवळपास शुद्ध स्टार्च. राजगिरा, भगर, रताळं त्यापेक्षा बरे.

बाजारातल्या बिस्किटांवर ‘हाय फायबर’ लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या नियमानुसार १०० ग्रॅममध्ये सहा ग्रॅम तंतू असला की तसं लिहिता येतं. तो बहुधा गव्हाचा कोंडा असतो, आणि सोबत मैदा, साखर, पामतेलही येतं. पाकिटाच्या मागची यादी वाचल्याशिवाय असलं काही काकूंच्या वयाच्या माणसानं ‘औषध’ म्हणून खाऊ नये.

आणि इसबगोल. उत्तर गुजरातेत, राजस्थानात हे पीक निघतं, उंझ्याच्या बाजारात त्याचा व्यापार चालतो आणि तिथून जगभर जातं. आपण त्याला फक्त बद्धकोष्ठाचं औषध समजतो. दहा ग्रॅम भुशीत विरघळणारा तंतू सात ग्रॅमच्या आसपास. दहा ग्रॅम म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, दोन वेळांत विभागून. भुशी अगदी हलकी असते, त्यामुळे एका चहाच्या चमच्यात दोन-तीन ग्रॅमच मावतात.

पण पहिल्याच दिवशी दहा ग्रॅम घेऊ नका. पोट फुगतं, गुडगुडतं, आणि माणूस तिसऱ्या दिवशी डबा फडताळात मागे सारतो. चहाच्या एका चमच्यानं सुरुवात करून दर आठवड्याला थोडं वाढवा. कडधान्यांचंही तसंच. मोठ्या आतड्यातले जिवाणू हा तंतू आंबवतात, वायू त्यातूनच होतो. दोन-तीन आठवड्यांत त्यांना सवय होते. इसबगोल मोठ्या पेल्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी. कोरडं तोंडात टाकायचं नाही, ते घशात फुगून अडकू शकतं. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतड्यात कुठे अडथळा आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

काकू सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात, म्हणून त्यांचं इसबगोल मी रात्रीच्या जेवणाआधी ठेवायला सांगितलं. जो गोळा पित्ताम्लं अडकवतो तो औषधंही अडकवू शकतो. कुठलीही गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर बरं, थायरॉइडच्या गोळीला त्याहूनही जास्त. शिवाय थायरॉइड कमी पडत असेल तर तेवढ्यानंच एलडीएल वाढतं, तेव्हा पुढच्या वेळी त्याचीही तपासणी एकदम करून घ्या, असंही म्हटलं.

आता त्या सकाळी जवाची लापशी खातात, दुपारी वाटीभर उसळ, संध्याकाळी पेरू, रात्री इसबगोल. आठ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी. एलडीएल एरवीही पाच-सात टक्के वर-खाली होत असतं, म्हणून एकाच रिपोर्टवर आनंद किंवा निराशा नको, महिन्याभरानं दुसराही काढायचा असं ठरलंय.

"आणि आकडा उतरला की बंद करू ना?" त्यांनी दारात उभं राहून विचारलं.

नाही काकू. तंतू बंद केला की काही आठवड्यांतच सगळी गाडगी पुन्हा भरून वर येऊ लागतात, यकृताला जास्तीच्या मातीची गरज उरत नाही, आणि एलडीएल पूर्वीच्या आकड्यावर परत जातं.